खुर्चीचं भाडं

म्हैसूरमध्ये कॉफीचे दोन भाव आहेत. सयाजीराव रस्त्यावरच्या (बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचंच नाव आहे ते) जुन्या टिफिन हॉटेलांत ती वीस-तीस रुपयांत मिळते आणि तिथून चार-पाच किलोमीटरवर, गोकुळममधल्या कॅफेत तिला दीडशे-दोनशे पडतात. बी दोन्हीकडे बहुतेक कोडगूच्या नाहीतर चिक्कमगळूरूच्या डोंगरातलंच. देशातली जवळजवळ ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, तेव्हा माल लांबून आणल्याचं कारण कुणी सांगू नये. यंत्र, दूध, कपबशी, फेसावर काढलेलं पान हे सगळं धरूनही हिशेब जुळत नाही. उरलेले पैसे खुर्चीचे असतात. बिलावर ते छापत नाहीत, पण आपण मोजतो ते तेच.

लॅपटॉप घेऊन कामाला बसण्यासाठी कॅफे शोधणाऱ्यानं एवढं आधी ध्यानात घेतलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. वाय-फाय आहे का, प्लग कुठे आहे, गाणी किती मोठ्यानं लावतात, हे प्रश्न नंतरचे. या जागेनं आपल्या बसण्याचे पैसे भावात धरलेत की नाही, हे पहिलं पाहायचं. धरले नसतील तर खुर्ची कितीही ऐसपैस असो, काम होत नाही. नजर सारखी वेटरकडे जाते, पाण्याचा ग्लास पुरवून पुरवून प्यावा लागतो आणि तिसऱ्या परिच्छेदाला आपणच उगाच एक इडली मागवतो.

मराठी माणसाला हा प्रश्न म्हैसुरात पडायचं कारण सरळ आहे. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, नारायण मूर्तींचं इंजिनिअरिंग म्हैसूरच्या एनआयईतलं, आणि आता कोल्हापूर, सांगली, नागपूर, पुण्याची पोरं नोकरी लागली की पहिले काही महिने कंपनीच्या इथल्या हेब्बाळ भागातल्या प्रशिक्षण केंद्रात काढतात. या केंद्राचा दुसरा, मोठा भाग २००९ साली सोनिया गांधींच्या हस्ते सुरू झाला. शिवाय मानसगंगोत्रीत १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे, तिथे भाषेच्या आणि अनुवादाच्या कामासाठी आमच्यासारख्यांची ये-जा असते. योग शिकायला येणारे वेगळे. आणि महामारीनंतर एक नवाच वर्ग तयार झालाय : कंपनी मुंबईची, पगार मुंबईचा, भाडं म्हैसूरचं. दादरहून शरावती एक्स्प्रेसनं उतरलेल्या या सगळ्या मंडळींना राहायला खोली मिळते. पण पेइंग गेस्टच्या खोलीत पलंग असतो, टेबल नसतं. मग पाठीवर सॅक टाकून कॅफे धुंडाळणं सुरू होतं.

मी अनुवाद करते. या कामाला दोन तास सलग लागतात. अर्ध्या अर्ध्या तासाचे चार तुकडे जोडून ते होत नाही. तेव्हा पुढचं सगळं त्या दोन तासांच्या दृष्टीनं लिहिलेलं आहे. मीटिंगा घेणाऱ्यांचं दुःख वेगळं आहे, आणि त्यांच्यामुळे इतरांना होणारं दुःखही.

०

आधी जुनी हॉटेलं. म्हैसूरची खरी कॉफी तिथेच आहे यात वाद नाही. टेबलाला वर कडप्पा नाहीतर ग्रॅनाइट, थंडगार आणि हलता हलत नाही असं. लिहायला याहून चांगला पृष्ठभाग नाही. नव्या कॅफेतली एका खांबावरची गोल टेबलं कोपर टेकलं की डुगडुगतात. स्टीलचा टंबलर दवऱ्यात, म्हणजे खालच्या वाटीत, उपडा नाही, सुलटा ठेवून येतो. वर फेस, आणि दवरा कडेपर्यंत सांडलेला. चिकोरीचं प्रमाण प्रत्येक हॉटेलाचं निराळं. दोघं आलात तर ‘बाय-टू’ म्हणायचं, एका कॉफीचे दोन टंबलर करून मिळतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

पण बाय-टूचाच हिशेब मांडून बघा. दोन माणसांनी दोन खुर्च्या अडवल्या आणि गल्ल्यात एका कॉफीचे पैसे पडले. हे हॉटेलवाल्याला परवडतं ते एकाच कारणानं : माणसं दहा मिनिटांत उठतात. नजरबादच्या मैलारीत लोण्याचा गोळा घातलेला मऊ डोसा खायला लोक जातात तेव्हा चार खुर्च्यांच्या टेबलावर अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसतात, खातात, हात धुतात, जातात. कॅफे अरमने घ्या, चामुंडीपुरमचं गायत्री टिफिन रूम घ्या, सकाळी तिथे हीच घाई. इथे लॅपटॉप उघडणं कुणी मना करत नाही. फक्त पोऱ्या ओलं फडकं घेऊन येतो आणि लॅपटॉपच्या भोवतीनं टेबल पुसतो. मग वेटर येतो आणि विचारतो, ‘बेरे एनु, सार?’ आणखी काय, साहेब. बाईमाणसालाही बऱ्याचदा सारच. या प्रश्नाला ‘काही नको’ हे उत्तर दिलं की बिल येतं. त्यात उद्धटपणा मुळीच नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत रविवारी सकाळी आपल्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभं राहून आपल्या ताटलीकडे बघतं, त्यापेक्षा हे कितीतरी सभ्य.

बंगळूरूनं तर १९८० च्या दशकात हा हिशेब टोकाला नेला. दर्शिनी नावाची उभ्यानं खायची हॉटेलं काढली आणि खुर्चीच काढून टाकली. वस्तू स्वस्त, झटपट, ताजी. म्हैसूरनं दर्शिनी घेतली, पण बसून खायची सवय सोडली नाही. हे शहर अजून जेवणानंतर थोडं टेकणाऱ्यांचं आहे.

याच जुन्या हॉटेलांत एक गोष्ट मात्र फारशी कुणी हेरलेली नाही. बऱ्याच ठिकाणी वरच्या मजल्यावर नाहीतर मागच्या अंगाला ‘एसी हॉल’ किंवा ‘फॅमिली रूम’ असते. तिथलं मेनूकार्ड निराळं. डोसा तोच, चटणी तीच, कॉफी त्याच पातेल्यातली. दर मात्र पाच-दहा-पंधरा रुपयांनी जास्त. आपल्याकडच्या खानावळींतही हे चालतं आणि आपण त्यावर कुरकुरतो. मला आता ते दरपत्रक फार प्रामाणिक वाटतं. खुर्चीचं भाडं त्यावर छापून लावलेलं असतं. दुपारी तीन ते साडेचार या वेळात, जेवणं आटोपलेली आणि संध्याकाळचा टिफिन सुरू व्हायचा असताना, या हॉलमध्ये दोन म्हातारे आणि एखादा औषध कंपनीचा प्रतिनिधी सोडून कुणी नसतं. प्लग नसतो, वाय-फायचा प्रश्नच नाही. पण छापील मजकूर तपासायचा असेल, हातानं लिहायचं असेल, तर त्या दीड तासासारखा वेळ शहरात दुसरीकडे मिळणार नाही. फक्त हॉटेल दुपारचं बंद ठेवत नाहीत ना, ते आधी विचारून घ्यावं. जुन्यांपैकी बरेच ठेवतात. बाईनं एकटीनं बसायचं असेल तर फॅमिली रूमचा आणखी एक फायदा असतो, तो सांगायची गरज नाही.

०

कॉफी घेऊन तासन्‌तास बसायची सवय आपल्याला लागली कुठून? इंडिया कॉफी हाऊसनं लावली, आणि तीही मुद्दाम. १९३० च्या दशकात जगभर मंदी, बाहेर कॉफीला भाव नाही, मळेवाल्यांचा माल पडून. तेव्हा देशातल्या लोकांनाच कॉफी प्यायला शिकवावं म्हणून सरकारी कॉफी सेस समितीनं कॉफी हाऊसं उघडली. पहिलं १९३६ साली मुंबईत चर्चगेटला निघालं. त्यांचा हेतू खुर्चीवर पैसे कमावण्याचा नव्हताच. माणूस बसला पाहिजे, त्याला चव लागली पाहिजे, त्यानं चार मित्र आणले पाहिजेत. म्हणून तिथे कुणी उठवत नसे. लेखक, वकील, कम्युनिस्ट, बेकार, सगळे एका कपावर दिवस काढत. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डानं हा व्याप आटपायला घेतला तेव्हा नोकरीवर पाणी पडलेल्या वेटरांनी, ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं, सहकारी संस्था काढल्या. १९५७ साली बंगळूरूत त्यातली पहिली निघाली. धंदा कामगारांचा झाला. उठवायचं नाही ही रीत मात्र जुन्या मालकाची तशीच राहिली. कॉफी हाऊसच्या गप्पांवर आपल्याकडे हळवं होऊन पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या गप्पांच्या खुर्चीचं भाडं मळेवाल्यांवरच्या सेसमधून जात होतं, हे त्यात सहसा येत नाही.

मग १९९६. बंगळूरूच्या ब्रिगेड रोडवर व्ही. जी. सिद्धार्थ यांनी पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं ते सायबर कॅफे म्हणून. तासभर इंटरनेट आणि एक कॉफी, शंभर रुपये. म्हणजे तेव्हा वेळ विकला जात होता आणि कॉफी सोबत होती. पुढे इंटरनेट स्वस्त झालं, संगणक माणसाच्या मांडीवर आला आणि वेळेचा भाव पाटीवरून नाहीसा झाला. आता पाटीवर फक्त कॉफी उरली. वेळ तीत विरघळलेला आहे, साखरेसारखा. किती घातलाय ते चव घेऊनच कळतं.

०

गोकुळमला वेळ पुष्कळ घातलेला आहे, आणि त्याचं श्रेय कॉफीला नाही, योगासनांना आहे.

१९३३ साली म्हैसूरचे महाराज कृष्णराज वोडेयर यांच्या आश्रयानं टी. कृष्णमाचार्यांनी जगनमोहन पॅलेसमध्ये योगशाळा सुरू केली. त्यांचे एक शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले आणि पुणेकरच झाले, ती गोष्ट आपल्याला माहीत आहे. दुसरे शिष्य पट्टाभि जोइस म्हैसुरातच राहिले. लक्ष्मीपुरमच्या छोट्याशा शाळेत ते अष्टांग योग शिकवत. पुढे परदेशातून इतके लोक येऊ लागले की २००२ साली गोकुळमला मोठी शाळा बांधावी लागली. जोइस २००९ मध्ये गेले. विद्यार्थी येतच राहिले, साधारण ऑक्टोबर ते मार्च जास्त. महिना, दोन महिने मुक्काम. त्यांच्या पाठोपाठ खोल्या, स्कूटर भाड्यानं देणारे, शहाळीवाले आणि कॅफे आले. डेप्थ एन ग्रीनसारखी शाकाहारी कॅफे निघाली. एका जर्मन बाईंनी सुरू केलेल्या सापा बेकरीतला आंबवलेल्या पिठाचा पाव म्हैसूरकरांच्याही पिशवीत जाऊ लागला.

या गिऱ्हाइकाचं वेळापत्रक पाहा. पहाटे अंधारात उठून आसनं, उपाशीपोटी. ती संपल्यावर सणसणीत भूक. म्हणून कॅफेत साडेसात-आठपासून अकरापर्यंत रेटारेटी, मोठमोठ्या वाडग्यांतून फळं आणि दलिया. दुपारी ही मंडळी झोपतात, संस्कृतचा वर्ग करतात, कपडे वाळत घालतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं म्हणून संध्याकाळी लवकर जेवून गुडूप होतात. तेव्हा साडेअकरा ते साडेचार हे कॅफे अर्धं रिकामं. भाडं आणि पगार तर चालूच. त्या वेळात कुणी दोनशेची कॉफी आणि दीडशेचा केक घेऊन कोपऱ्यात तीन तास बसलं तर मालकाला ते हवंच असतं. रिकाम्या कॅफेत कुणी पाऊल टाकत नाही, एक लॅपटॉपवाला दिसला की दुसरा येतो. याच बसण्याला सकाळी नऊ वाजता लोक आडून बोलतील. खुर्ची तीच, भाव तोच. भाडं मात्र घड्याळाप्रमाणे बदलतं.

गंमत अशी की इथे पंचांगही बघावं लागतं. अष्टांगच्या परंपरेत अमावास्या-पौर्णिमेला सराव बंद असतो. त्या दिवशी मंडळी उशिरा उठतात, नाश्त्याची गर्दी सरकते आणि दुपारी बागेतली सगळी टेबलं भरून गप्पा रंगतात. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही तेच. डेडलाइन पौर्णिमेला आलीच तर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते.

०

कॅफे ठरला तरी टेबल ठरायचं राहतंच, आणि ते जास्त कठीण.

यादवगिरीत आर. के. नारायण यांचं घर आहे. २०११ साली ते पाडायला सुरुवात झाली होती, ओरड झाली, महापालिकेनं ते ताब्यात घेतलं आणि २०१६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. वरच्या मजल्यावर अर्धगोल बाहेर आलेली खोली आहे, चहूकडे खिडक्या. लिहिण्यासाठी त्यांनी ती हौसेनं बांधून घेतली होती. एका बाजूला चामुंडी टेकडी, दुसरीकडे शहराचे घुमट आणि कळस, मधून जाणारी आगगाडी. आणि मग त्यांना कळलं की इथे बसून आपण नुसते बाहेर बघतो. त्यांनीच लिहून ठेवलंय की शेवटी देखाव्यावर पडदा ओढला, समोर राखाडी कापडाखेरीज काही दिसणार नाही असं केलं, तेव्हा लिखाण पुढे सरकलं. ‘द गाइड’ तर त्यांनी म्हैसुरात लिहिलीच नाही. ती अमेरिकेत, बर्कलीच्या एका हॉटेलातल्या खोलीत लिहिली. ज्या गृहस्थाच्या मालगुडीत ‘बोर्डलेस’ नावाचं, पाटी नसलेलं आणि तासन्‌तास बसू देणारं हॉटेल आहे, त्यानं स्वतः काम करायला ओढलेला पडदा निवडला.

याच्या अगदी उलट अरुण कोलटकर. मुंबईत काळा घोड्याजवळ वेसाइड इन होतं, तिथल्या टेबलावरून ते वर्षानुवर्षं चौकातल्या तिकोनाकडे बघत बसले. बाहेरचे भटके कुत्रे, झाडूवाले, रस्त्यावरच इडली खाणारी माणसं, हे सगळं २००४ च्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आलं. त्यांना खिडकी हवीच होती, कारण खिडकी हेच काम होतं.

तुमचं काम कुठल्या जातीचं आहे ते स्वतःशी ठरवून घ्या. हिशेब, कोड, अनुवाद, प्रबंधातलं तिसरं प्रकरण, असलं काही असेल तर म्हैसूरच्या सुंदर कॅफेतलं सगळ्यात सुंदर टेबल तुमचं नाही. झाशी लक्ष्मीबाई रस्त्यावरचं द ओल्ड हाऊस घ्या किंवा जुन्या बंगल्यात थाटलेलं दुसरं कुठलंही. तिथे बागेतलं, झाडाखालचं टेबल सगळ्यांना हवं असतं. ते सगळ्यांना घेऊ द्यावं. झाडाखाली उन्हाचे कवडसे पडद्यावर नाचतात, मुंग्या चार्जरच्या वायरीवरून चढतात आणि मार्च-एप्रिलात चार वाजता आभाळ भरून आलं की सगळं उचलून आत पळावं लागतं. आतल्या खोलीतलं, भिंतीकडे तोंड केलेलं, कुणाच्या फोटोत न येणारं टेबल घ्या. प्लग बहुतेक तिथेच असतो; बंगला असताना तिथे कुणाचा तरी फ्रिज होता.

बंगल्यातल्या कॅफेचा मोठा गुण म्हणजे खोल्या. मॉलमधल्या कॅफेत एकच लांबलचक हॉल, खाली टाइल्स, समोर काच, आणि एका टेबलावर चमचा पडला की सगळ्यांना कळतं. जुन्या घरात भिंती जाड असतात, दार ओलांडलं की आवाज अर्धा. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे वर्षातले बरेच महिने एसीवाचून चालतं. दारं-खिडक्या उघड्या राहतात आणि बंद हवेची ती पेंग येत नाही. तरी बसण्यापूर्वी तीन गोष्टींपासून लांब राहावं. एक, बी दळायचं यंत्र; ते दर चार मिनिटांनी किंचाळतं. दोन, डिलिव्हरीवाली पोरं उभी राहतात तो काउंटर. आणि स्वच्छतागृहाचं दार, ज्याची कडी कुठल्याच कॅफेत धड लागत नाही. ते स्वच्छ आहे का, हे मात्र बसण्यापूर्वीच बघून यावं. तीन तासांचा बेत असेल तर मेनूपेक्षा ते महत्त्वाचं.

०

आवाजाबद्दल शास्त्र काय म्हणतं? २०१२ साली मेहता, झू आणि चीमा या तिघांनी एक अभ्यास छापला. कल्पकतेची कामं माणसांना सुमारे ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा ७० डेसिबलच्या मध्यम गलबल्यात जास्त चांगली जमली. ८५ वर गेल्यावर पुन्हा घसरली. गजबजलेल्या कॅफेचा आवाज साधारण ७० च्या आसपासचा. कॅफेवाल्यांनी आणि कॅफेप्रेमींनी हा अभ्यास डोक्यावर घेतला. कॅफेचा आवाज घरबसल्या ऐकवणारी अॅपंसुद्धा निघाली. पण त्यात कल्पना सुचण्याबद्दल सांगितलंय. आकड्यांची रांग तपासणं, मुद्रितं वाचणं याला तो कौल लागू होत नाही.

माझा अनुभव असा की डेसिबलपेक्षा आवाज कसला आहे यानं फरक पडतो. २०१० मध्ये कॉर्नेलच्या संशोधकांनी दाखवलं की दोन माणसांचं पूर्ण संभाषण कानावर पडण्यापेक्षा फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं लक्ष जास्त विस्कटतं, कारण पलीकडून काय आलं असेल ते मेंदू भरत बसतो. शेजारी मीटिंग सुरू झाली की टेबल बदलावं, ते यासाठी. आणि दुसरं, वाचून समजून घ्यायचं काम असेल तर कळणाऱ्या भाषेतली बडबड परक्या भाषेपेक्षा जास्त नडते. इथे मराठी माणसाची चैन आहे. कन्नड येत नसेल तर शेजारच्या टेबलावरचं लग्न मोडलं तरी आपल्याला पावसाइतकंच ऐकू येतं. थोडं थोडं येऊ लागलं की मात्र आफत. अर्धवट कळणारी भाषा पुरी कळण्यापेक्षा वाईट. मी आता त्या अवस्थेत आहे. आणि शनिवार-रविवारी इन्फोसिसची पोरं बाहेर पडतात. पाठीमागून ‘अरे, तू मागवलास तो संपव की आधी’ असं सांगलीच्या हेलात आलं की दिवस संपला, समजायचं. तासभर ऐकत बसण्याइतकं त्यांचं बोलणं रंगतदार असतं.

इंटरनेटचं थोडक्यात. कॅफेच्या वाय-फायवर विसंबू नये. आधी मोबाइलवर ओटीपी येतो, मग तो येत नाही. आपला हॉटस्पॉट बरा, आणि कंपनीचं किंवा बँकेचं काम असेल तर तोच. पावसाळी दुपारी वीज जाते, तेव्हा बॅटरी भरून नेणं हाच उपाय.

०

वेळ उघडपणे विकणाऱ्या जागाही जगात आहेत. मॉस्कोत २०११ साली झिफरब्लाट निघालं. तिथे कॉफी फुकट, मिनिटांचे पैसे. २०१४ मध्ये त्यांनी लंडनला शाखा काढली तेव्हा दर मिनिटाला तीन पेन्स होता. टोकियोच्या कोएंजी भागात २०२२ मध्ये फक्त लेखकांसाठी कॅफे उघडला. आत जाताना आज काय आणि किती लिहिणार ते सांगायचं, मालक मधून मधून येऊन विचारणार, काम झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. दर तेव्हा पहिल्या अर्ध्या तासाला १३० येन आणि पुढे तासाला ३०० होता. दक्षिण कोरियात तर बसणाऱ्यांनी इतकी मजल मारली की २०२५ मध्ये स्टारबक्सला तिथे डेस्कटॉप संगणक आणि प्रिंटर आणू नका अशी पाटी लावावी लागली.

आणि आपल्याकडे पुण्यात सदाशिव-नारायण पेठेत अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी महिन्याच्या बोलीवर खुर्ची, समोर फळी, बाजूला आडोसा, डोक्यावर पंखा. तिथे भाडं भाडंच असतं, त्यावर फेस नसतो. लक्ष लागण्याच्या बाबतीत एकाही कॅफेला अभ्यासिकेची सर नाही. म्हैसुरात विद्यापीठाच्या किंवा भाषा संस्थानच्या ग्रंथालयात बसायची सोय होत असेल तर कॅफेचा नाद सोडावा, असं मी नव्या मुलांना सांगते. ती ऐकत नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे. दिवसभर खोलीत एकट्यानं राहणाऱ्याला काम करताना आजूबाजूला माणसं हवी असतात, फक्त त्यांनी बोलावं अशी इच्छा नसते. ही गरज ग्रंथालयात अर्धीच भागते. तिथे कुणी कॉफी आणून देत नाही आणि उद्या आला नाहीत तर कुणी विचारत नाही. कॅफेतल्या वेटरला चौथ्या खेपेला तुमचं टेबल पाठ असतं.

त्या वेटरशी नीट वागावं, हिशेब शेवटी त्याच्याशीच असतो. दीड तासाला एक काहीतरी मागवावं. स्वस्तातलं लिंबू सरबतही चालतं. चौघांचं टेबल एकट्यानं अडवू नये. एक वाजता जेवणाची माणसं दारात दिसली की न सांगता उठावं, कुकरहळ्ळी तळ्याला एक फेरी मारावी आणि तीनला परत यावं. जागा बहुधा ठेवलेली असते. फोन आला तर अंगणात जाऊन बोलावा. टीप खिशातून नोटेनं द्यावी, कारण फोनवरून दिलेली कुणाच्या खात्यात जाते ते त्यालाही ठाऊक नसतं.

दसऱ्याचे दहा दिवस मात्र यातलं काहीही लागू नाही. राजवाड्यावर दिवे लागतात, रस्ते बंद होतात, हॉटेलं आणि कॅफे पहाटेपासून तुडुंब असतात, एसी हॉलच्या जिन्यावर रांग येते आणि विद्यापीठाला सुट्टी असते. त्या दिवसांत जे काम हातात असेल त्याची मुदत संपादकांकडून आधीच वाढवून घ्यावी. दिवाळी अंकाचे संपादक ती देत नाहीत. हा लेख मी पेइंग गेस्टच्या पलंगावर, मांडीवर उशी घेऊन पुरा केला.